नवल सांगणारी क्रियाविशेषणं: ‘अचानक’, ‘चक्क’, ‘तब्बल’ वापरायची पद्धत

‘तालुक्यात काल अचानक चक्क तब्बल अर्धा तास अक्षरशः धो-धो पाऊस कोसळला.’ बातमीवर तारीख जुलैची. ऐन पावसाळ्यात अर्धा तास पाऊस पडला यात नवल कशाचं, हे कितीही वेळा वाचलं तरी कळत नाही. नवल दाखवणारे चार शब्द एका ओळीत बसवले आहेत आणि नवल मात्र कुठेच नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येणारा मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. वार्ताहराची बातमी असो, नुकसानीचा अर्ज असो की दहावीच्या पोराचा निबंध, चूक एकाच प्रकारची दिसते आणि ती शब्दापेक्षा क्रमाची जास्त असते. लिहिणाऱ्याला आधी ‘चक्क’ सुचतो, मग त्या ‘चक्क’ला साजेसं काही घडलं का ते तो शोधतो. हा क्रम उलटा करायचा आहे.

एक खुलासा आधीच करतो. ‘तब्बल’, ‘ऐन’, ‘भर’, ‘कमालीचा’ हे शब्द संख्येच्या, नामाच्या किंवा विशेषणाच्या आधी बसतात, त्यामुळे शाळेच्या व्याकरणात ते सगळे क्रियाविशेषणांच्या खात्यात जाणार नाहीत. पण काम तेच करतात आणि चुकाही तशाच होतात, म्हणून इथे त्यांना सोबत घेतलं आहे.

## तयारी: आधी कोरडं वाक्य

लिहायला बसलात की पहिलं वाक्य असा एकही शब्द न घालता लिहा. कोण, कुठे, कधी, काय, किती एवढंच. ‘हतनूर धरणाचे सर्व ४१ दरवाजे मंगळवारी पहाटे पूर्ण उघडण्यात आले.’ झालं. हे वाक्य कोरडं वाटलं तरी चालेल, पण ते खरं आणि पुरं हवं.

त्याखाली दोन ओळी आणखी लिहा: ‘एरवी काय होतं?’ आणि ‘या वेळी काय झालं?’ दुसरीचं उत्तर तुमच्याजवळ असतंच. पहिलीचं बहुतेक वेळा नसतं. त्यासाठी मागच्या वर्षाची बातमी काढावी लागते, पाटबंधारेच्या माणसाला फोन लावावा लागतो, गावातल्या जुन्या जाणत्याला विचारावं लागतं. हा फोन टाळला की पुढचं सगळं अंदाजाने चालतं.

सावधान: ‘एरवी’ची ओळ रिकामी राहिली तर यातला एकही शब्द वापरू नका. कोरडं वाक्यच छापा.

## टप्पा १: नेहमीचं काय, ते ठरवा

‘भुसावळला मे महिन्यात पारा चक्क ४४ अंशांवर!’ असं पुण्याच्या वाचकाला सांगितलं तर तो हळहळेल. भुसावळचा वाचक मात्र कूलरमध्ये पाणी भरता भरता हसेल, कारण मे महिन्यात त्याच्याकडे तेवढं तापतंच. तोच ४४ चा आकडा महाबळेश्वरचा असता तर ‘चक्क’सुद्धा तोकडा पडला असता. तसंच थंडीचं. धुळ्यात हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरला, एवढ्यावर ‘अचानक’ आणि ‘कमालीचा’ खर्ची घालू नयेत.

हतनूरचंही तेच. पावसाळ्यात तापी-पूर्णेच्या पाणलोटात जोर वाढला की दरवाजे उघडतात, हे नदीकाठच्या गावांना ठाऊक असतं. धरणाला दरवाजेच ४१ आहेत. त्यातले चार उघडले तर ती नित्याची बाब. सगळेच्या सगळे पूर्ण उघडले तर बातमी मोठी, पण तिथेही ‘तब्बल ४१’ यापेक्षा ‘सर्वच्या सर्व ४१’ जास्त सांगतं, कारण एकूण दरवाजे किती हे बाहेरच्या वाचकाला माहीत नसतं.

वाचक दोन गावचा असेल तर नेहमीचं माप वाक्यातच द्या. त्यासाठी ‘एरवी’ हा शब्द फार कामाचा. ‘एरवी केळीचा घड कापायला यायला साधारण ११-१२ महिने लागतात, या बागेत तो नवव्या महिन्यातच कापला गेला.’ इथे नवल सांगणारा शब्दच नाही, फक्त एक ‘च’ आहे. तरी रावेरचा शेतकरी थबकेल आणि मुंबईच्या वाचकालाही का थबकायचं ते कळेल.

तपासा: कोरड्या वाक्याच्या आधी ‘एरवी असं होत नाही, पण’ हे शब्द जोडून मोठ्याने वाचा. वाक्य खोटं किंवा हास्यास्पद वाटलं तर तिथे नवल नाही.

## टप्पा २: नवल नेमकं कशात, ते ओळखा

‘काहीतरी वेगळं घडलं’ एवढ्यावर शब्द निवडता येत नाही. स्वतःला विचारा, वेगळं काय आहे? पूर्वसूचना न देता घडलं? आकडा मोठा आहे की लहान? क्वचित घडणारी गोष्ट घडली? ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्याने केली? घडलं ते नेहमीचंच, पण नको त्या वेळी? की करण्याची रीतच जगावेगळी?

एका घटनेत यातली दोन-तीन नवलं असू शकतात. त्यातलं एक निवडा. लग्नाच्या मांडवात वीज गेली. ती अचानक गेली, ऐन मुहूर्तावर गेली आणि तब्बल तीन तास गेली, सगळं खरं आहे. पण तुम्हाला महावितरणच्या कारभारावर बोलायचं असेल तर ‘तब्बल तीन तास’ ठेवा, आणि वऱ्हाडाची फजिती सांगायची असेल तर ‘ऐन मुहूर्तावर’. ‘अचानक’ तर सोडूनच द्या. न सांगता जाणं हा आपल्याकडे विजेचा स्वभावच आहे.

## टप्पा ३: शब्द निवडा

इथे घाई करू नका. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात असं वाटतं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

### न सांगता घडलेलं: अचानक, एकाएकी, अकस्मात, अवचित

‘अचानक’ म्हणजे आधी काही चाहूल नव्हती. चाहूल होती तर हा शब्द चुकीचा. हवामान खात्याने आदल्या दिवशी वादळाचा इशारा दिला होता आणि तुमच्याच अंकात तो छापला होता. दुसऱ्या दिवशी ‘अचानक आलेल्या वादळाने’ असं लिहिलंत तर वाचकाने कोणतं पान खरं मानायचं?

‘एकाएकी’मध्ये चाहुलीपेक्षा बदलावर भर असतो. एक स्थिती होती, ती कारण न दिसता दुसरी झाली. ‘वारा एकाएकी पडला.’ ‘पोरगं खेळता खेळता एकाएकी गप्प झालं.’ इथे ‘अचानक’ही चालेल, पण ‘एकाएकी’त ‘का कोण जाणे’ हे मागून येतं.

‘अकस्मात’ जड शब्द आहे. निधन, अपघात, संकट यांच्याशी त्याचं जुळतं. पोलीस ठाण्यातली ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ हा तर ठरलेला शब्दप्रयोग. तो बदलून ‘अचानक मृत्यूची नोंद’ करू नका. उलट ‘बसस्टँडवर जुना मित्र अकस्मात भेटला’ हे कानाला खटकतं. तिथे ‘अवचित’ म्हणा. हा हलका आणि बहुधा सुखाचा शब्द आहे. अवचित पाहुणा येतो, अवचित सर येते. ट्रॅक्टर मात्र अवचित उलटत नाही.

‘एकदम’चं काय करायचं? बोलताना खुशाल वापरा. लिहिताना जपून, कारण त्याचे अर्थ तीन: एकाएकी, एकाच वेळी आणि फार. ‘दवाखान्यात एकदम वीस पेशंट आले’ म्हणजे न सांगता आले की सगळे मिळून आले? ‘एकाच वेळी’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

क्रियापदाशीही मेळ बसला पाहिजे. ‘अचानक’ला क्षणात घडणारी क्रिया लागते: थांबला, कोसळला, उठला, विझला. ‘अचानक बरेच दिवस पाऊस पडत होता’ किंवा ‘भाव अचानक हळूहळू वाढत गेले’ ही वाक्यं स्वतःशीच भांडतात. हसू नका, दोन्ही छापायला आली होती.

आणि मराठीला ‘अचानक’ची गरज वाटते तेवढी नाही. खाडकन जाग आली, धाडकन दार आपटलं, गर्रकन वळला, गपकन हात धरला. या शब्दांत अचानकपणा आहे, शिवाय आवाज आणि गतीही आहे. ललित लिहिताना ‘अचानक’ दिसला की आधी यातला एखादा बसतो का ते बघा.

### आकडा: तब्बल आणि अवघा

मोठ्या आकड्याला ‘तब्बल’, लहान आकड्याला ‘अवघा’. ‘तब्बल तीन मिनिटांत आग आटोक्यात’ असं लिहिलं तर तीन मिनिटं फार झाली असा अर्थ होतो. अग्निशमन दलाने चिडावं असं वाक्य. तिथे ‘अवघ्या तीन मिनिटांत’ हवं.

‘तब्बल’पुढे ठोस संख्या लागते. ‘तब्बल काही लोक’, ‘तब्बल अनेक वर्षं’, ‘तब्बल जवळपास दोनशे’ ही सगळी फुसकी वाक्यं. आकडा ठाऊक नसेल तर ‘तब्बल’ नको.

‘अवघा’ दुहेरी आहे. ‘अवघ्या पाच जणांनी’ म्हणजे फक्त पाच जणांनी, पण ‘अवघ्या गावाने’ म्हणजे सगळ्या गावाने. ‘अवघ्या तालुक्यातील पाच शाळा’ असं लिहाल तर वाचक अडखळेल. ‘फक्त’ या अर्थाचा ‘अवघ्या’ नेहमी संख्येला चिकटवून बसवा.

सावधान: मृतांच्या आकड्याआधी ‘तब्बल’ नको आणि ‘चक्क’ तर मुळीच नको. ‘अपघातात तब्बल सात ठार’ यातला ‘तब्बल’ मोजणाऱ्याचा उत्साह दाखवतो. सात हा आकडा पुरेसा बोलतो.

### पहिल्यांदाच, इतक्या वर्षांनी, कधी नव्हे ते

‘पहिल्यांदाच’ हा या सगळ्यांत महागडा शब्द, कारण तो संपूर्ण भूतकाळाबद्दल दावा करतो. त्याच्यासोबत नेहमी दोन गोष्टी लिहा: कुठे आणि कधीपासून.

साहित्य संमेलनाचं उदाहरण घ्या. अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९५२ साली झालं होतं, त्यानंतर २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं संमेलन तिथेच भरलं. ‘अमळनेरला तब्बल ७२ वर्षांनी संमेलन’ हे वाक्य चोख आहे: आकडा ठोस, गाव ठरलेलं. आता त्यात एकच शब्द बदला: ‘खान्देशात तब्बल ७२ वर्षांनी संमेलन.’ चूक! १९८४ चं संमेलन खान्देशातल्याच जळगावला झालं होतं, शंकरराव खरात अध्यक्ष होते. ‘तब्बल’ तोच, आकडा तोच, वर्षंही तीच. गावाच्या जागी प्रदेश आला आणि दावा कोसळला. अशी चूक कोणी मुद्दाम करत नाही. मथळ्याला भारदस्तपणा यावा म्हणून गावाचा प्रदेश होतो, तालुक्याचा जिल्हा होतो, आणि मोजमाप मात्र जुनंच राहतं.

‘क्वचित’ आणि ‘क्वचितच’ एक नाहीत. ‘तो क्वचित येतो’ म्हणजे अधूनमधून येतो. ‘तो क्वचितच येतो’ म्हणजे जवळजवळ येतच नाही. आणि ‘क्वचितच येत नाही’ असं लिहिलंत तर तो रोज येतो असा अर्थ निघतो, जो बहुधा तुम्हाला नको असतो.

‘कधी नव्हे’ला पुढच्या नामाप्रमाणे शेपूट लावा. कधी नव्हे तो पाऊस वेळेवर आला, कधी नव्हे ती एसटी रिकामी होती, कधी नव्हे ते साहेब जागेवर सापडले. इथे किंचित टोमणा आहे हे लक्षात ठेवा. सरकारी पत्रात तो शोभत नाही.

### चक्क

‘चक्क’ म्हणताना बोलणाऱ्याची भुवई वर गेलेली असते. त्यात आश्चर्य असतं, थोडं हसू असतं, कधी नापसंतीही असते. म्हणून तो शोकाच्या, कायद्याच्या आणि अर्जाच्या मजकुरात बसत नाही. कौतुकातही जपून. ‘शेतमजुराची मुलगी चक्क डॉक्टर झाली’ या वाक्यात तुम्ही मुलीचं कौतुक केलं नाही, शेतमजुराच्या मुलीकडून तुमची अपेक्षा काय होती ते सांगितलं. हा शब्द आला की नेहमी विचारा, अपेक्षा कोणाची होती आणि ती ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?

### अक्षरशः

‘अक्षरशः’ म्हणजे शब्दाला शब्द, खरोखर तसंच. ‘सोन्याच्या बाजारात अक्षरशः आग लागली’ हे वाचून जळगावच्या सराफ बाजारात बंब पाठवावा लागेल. भाव वाढले एवढंच म्हणायचं असेल तर ‘भाव भडकले’ म्हणा. बोलण्यात हा शब्द कसाही फिरतो, त्याला इलाज नाही. पण बातमीत आणि अर्जात तो फक्त शब्दशः खऱ्या गोष्टीपुढे ठेवा.

### ऐन आणि भर

‘ऐन’ म्हणजे मोक्याच्या वेळी, ‘भर’ म्हणजे मध्यावर, सगळ्यांच्या देखत. ऐन दिवाळीत एसटी बंद पडते, ऐन कापूस वेचणीत मजूर मिळत नाहीत. चोरी मात्र भर दुपारी, भर चौकात होते. ‘ऐन चौकात चोरी’ म्हटलं की कान टवकारतात, पण चुकीच्या कारणाने.

‘अवकाळी’ही इथलाच. पावसाळ्याबाहेरचा पाऊस तो अवकाळी. पण मे महिन्यातल्या सोसाट्याच्या वाऱ्यासह येणाऱ्या सरीला आपल्याकडे ‘वळीव’ हा शब्द आहे, आणि रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात त्या वाऱ्याची धास्ती दरवर्षी असते. जानेवारीत गारपीट झाली तर अवकाळी म्हणा. प्रत्येक वळवाला अवकाळी म्हणाल तर खऱ्या अवकाळीसाठी शब्द उरणार नाही.

## टप्पा ४: रूप आणि शुद्धलेखन

अचानक, एकाएकी, अकस्मात, चक्क, तब्बल, विलक्षण हे शब्द लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाहीत. भलताच, कमालीचा, नेमका, अवघा हे बदलतात. कापूस भलताच पडला, ज्वारी भलतीच चढली, सोनं भलतंच महागलं. गल्ली कमालीची शांत, गाव कमालीचं शांत. ‘भलता’ला ‘च’ विसरू नका: ‘भलताच अर्थ’ म्हणजे अगदी वेगळा, ‘भलता अर्थ’ म्हणजे नको तो, कधी अश्लीलसुद्धा.

‘-पणे’ आणि ‘-रीत्या’ हे प्रत्यय विशेषणाला लागतात. अनपेक्षितपणे, विचित्रपणे, बेकायदेशीररीत्या. जो शब्द आधीच क्रियाविशेषण आहे त्याला त्यांची गरज नाही, म्हणून ‘अचानकपणे’, ‘अकस्मातपणे’, ‘अचानकरीत्या’ हे कापून टाका.

शुद्धलेखन झटपट: ‘रीत्या’तली री दीर्घ. ‘अनपेक्षित’ आणि ‘क्वचित’ ऱ्हस्व. ‘दुर्मीळ’ दीर्घ. ‘अक्षरशः’, ‘विशेषतः’ यांच्या शेवटी विसर्ग असतो, अपूर्णविराम नव्हे. मोबाइलच्या कीबोर्डवर विसर्ग चटकन सापडत नाही म्हणून लोक दोन टिंबांचं चिन्ह मारतात. दिसायला फरक पडत नाही, पण मग तो शब्द शोधायला गेलं की सापडत नाही. विसर्ग बहुधा अनुस्वाराच्या शेजारीच असतो किंवा तो दाबून धरला की येतो.

## टप्पा ५: जागा ठरवा

नवल ज्याचं, शब्द त्याच्या लगेच आधी. एवढाच नियम, पण तो मोडला की अर्थ कसा सरकतो ते बघा. कोरडं वाक्य: ‘सरपंचांनी काल सकाळी फावडं घेऊन नाला साफ केला.’

चक्क सरपंचांनी काल सकाळी फावडं घेऊन नाला साफ केला. नवल: सरपंचांनी, दुसऱ्या कोणी नव्हे.

सरपंचांनी काल सकाळी चक्क फावडं घेऊन नाला साफ केला. नवल: जेसीबी न मागवता स्वतःच्या हातांनी.

सरपंचांनी काल सकाळी फावडं घेऊन चक्क नाला साफ केला. नवल: फावडं हाती आलं होतं ते दुसऱ्याच कशासाठी तरी, असं सगळ्यांना वाटलं होतं.

सरपंचांनी चक्क काल सकाळी फावडं घेऊन नाला साफ केला. नवल: सकाळी उठले! हे लिहिलंत तर ग्रामपंचायतीत चहा मिळणं बंद होईल.

‘अचानक’ची गोची वेगळी. मागे-पुढे दोन क्रिया असल्या की तो कोणाचा, हे कळत नाही. ‘भरारी पथकाने अचानक बंद पडलेल्या जिनिंगची पाहणी केली.’ जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारा कारखाना, अचानक बंद पडलं की पाहणी अचानक झाली? ‘बंद पडलेल्या जिनिंगची भरारी पथकाने अचानक पाहणी केली’ असं फिरवलं की गाठ सुटते.

तपासा: शब्दावर बोट ठेवून लगेच पुढचा शब्द वाचा. नवल त्याच शब्दाचं आहे का? नसेल तर शब्द उचला आणि हलवा.

## टप्पा ६: उतरवलेली मराठी पकडा

इंग्रजी बातमी समोर ठेवून लिहिताना काही रूपं आपोआप उतरतात. त्यातलं सगळ्यात फसवं म्हणजे ‘बालक चमत्कारिकरीत्या बचावलं’. मराठीत चमत्कारिक म्हणजे विचित्र, तऱ्हेवाईक. चमत्कारिक माणूस, चमत्कारिक वास. विहिरीत पडलेलं पोर विचित्र पद्धतीने वाचलं असं तुम्हाला म्हणायचं नसतं. ‘थोडक्यात बचावलं’, ‘बालंबाल बचावलं’ किंवा ‘दैव बलवत्तर म्हणून बचावलं’ म्हणा.

तसंच ‘अविश्वसनीयपणे स्वस्त’. अविश्वसनीय माणूस म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकता येत नाही असा. दुकानदाराला हे विशेषण आवडणार नाही. ‘विश्वास बसणार नाही इतकं स्वस्त’ लिहा. ‘आश्चर्यकारकरीत्या, तो पास झाला’ ऐवजी ‘तो पास झाला, हेच नवल’. ‘असामान्यपणे उंच’ ऐवजी ‘नेहमीपेक्षा बरंच उंच’. पाच-सहा अक्षरांच्या विशेषणाला ‘-रीत्या’ लावून गाडी ओढण्यापेक्षा मराठी असं नवल एका छोट्या वाक्यखंडात सांगते: ध्यानीमनी नसताना, बघता बघता, हां हां म्हणता.

‘विशेष म्हणजे’ आणि ‘आश्चर्य म्हणजे’ संपूर्ण वाक्याला लागू होतात, म्हणून पुढच्या वाक्यात विशेष काहीतरी असलंच पाहिजे. ‘विशेष म्हणजे कार्यक्रमाला अध्यक्ष उपस्थित होते.’ अध्यक्ष नाही तर कोण असणार?

आणि बोलणाऱ्याच्या तोंडचं वाक्य अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत मिळालं असेल तर ते अवतरणात जसंच्या तसं ठेवा. आजीच्या तोंडी ‘अकस्मात’ घालू नका. ‘आक्रीत झालं’ म्हणणाऱ्या बाईला ‘अनपेक्षितपणे घटना घडली’ असं बोलायला लावणारे महाभाग आहेत.

## टप्पा ७: छाटणी

आता सगळा मजकूर सलग वाचा आणि नवल सांगणारा प्रत्येक शब्द झाकून बघा. झाकल्यावर अर्थ तोच राहिला तर तो शब्द जातो. माझा अनुभव असा की ‘अचानक’ बहुतेक ठिकाणी जातो, ‘अक्षरशः’ जवळजवळ सगळीकडे जातो, ‘तब्बल’ निम्म्या ठिकाणी टिकतो. परिच्छेदात एक उरला तर पुरे. दोन उरले तर त्यांतलं कोणतं नवल मोठं ते ठरवा.

उदाहरणार्थ, समजा असा मजकूर आला: ‘सारंगखेड्याच्या यात्रेत यंदा चक्क तब्बल कोट्यवधी रुपयांचा घोडा अचानक दाखल झाल्याने अक्षरशः झुंबड.’ दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतोच आणि महागड्या घोड्याची बातमीही दरवर्षी येते. म्हणजे घोडा ‘दाखल’ होणं नेहमीचं, ‘अचानक’ गेला. ‘कोट्यवधी’ हा ठोस आकडा नव्हे, ‘तब्बल’ गेला. शिवाय ही किंमत मालकाने सांगितलेली, की खरेदीदाराने देऊ केलेली, की सौदा झालेली? तिन्हींत फार अंतर असतं. वार्ताहराला विचारल्यावर कळलं असं धरू की खरेदीदाराने दिलेला भाव मालकाने नाकारला. मग बातमी अशी: ‘सारंगखेड्याच्या बाजारात खरेदीदाराने कोटीच्या वर भाव देऊ केला, मालकाने घोडा विकायला चक्क नकार दिला.’ आता ‘चक्क’ नकाराच्या आधी आहे, आणि नवलही नकाराचंच आहे.

## टप्पा ८: अर्ज आणि पंचनामा, इथे नियम वेगळा

बातमीत एक शब्द उरू शकतो. नुकसानीच्या अर्जात एकही नको. तरी दरवर्षी येणारा नमुना हाच: ‘अचानक आलेल्या वादळामुळे माझी केळीची बाग अक्षरशः भुईसपाट झाली असून माझे कमालीचे नुकसान झाले आहे.’

वाचणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही. शासकीय मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक आहे की नाही ते पाहिलं जातं, आणि ‘कमालीचे’ म्हणजे किती टक्के हे कोणत्याच तक्त्यात नाही. ‘अक्षरशः भुईसपाट’ तर उलटंच पडतं: पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला चार ओळी उभ्या दिसल्या की अर्जातलं पहिलंच वाक्य खोटं ठरतं. ‘अचानक’ लिहून तारीख-वेळ गाळली तर आणखी वाईट, कारण विम्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असेल तर ते तास कुठून मोजायचे हेच कळत नाही.

म्हणून प्रत्येक नवलाच्या जागी मोजमाप ठेवा. ‘अचानक’च्या जागी तारीख आणि वेळ. ‘अक्षरशः भुईसपाट’च्या जागी एकूण खोडं किती आणि आडवी किती. ‘कमालीचे’च्या जागी गट नंबर, क्षेत्र आणि घड कोणत्या अवस्थेत होते ते. ‘दि. … रोजी सायंकाळी ५ ते ५.३० दरम्यान झालेल्या वादळी वाऱ्याने गट नं. … मधील … खोडांपैकी … खोडे आडवी पडली. घड कापणीस सुमारे एक महिना बाकी होता.’ या वाक्याला भावना नाही असं घरचे म्हणतील. त्यांना म्हणू द्या. फोटो काढताना मात्र शेताची खूण दिसेल असा एक आणि पडलेल्या ओळींचा एक, असे निदान दोन काढा आणि अर्जासोबत जोडा.